पालक ऊसतोडीला गेल्यावर शाळेची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावी?

प्रश्न : बालाघाटची लेक

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत माझा मुलगा तिसरीत शिकतो आणि गेल्या जूनपासून शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे आहे. शाळेचा पट 43, वर्ग पहिली ते पाचवी आणि शिक्षक दोन. दोन्ही गुरुजी मनापासून शिकवतात, पोषण आहार वेळेवर शिजतो आणि लोकवर्गणीतून मागच्या वर्षी संरक्षक भिंतही पूर्ण झाली आहे. म्हणजे शाळेबद्दल माझी तक्रार नाही, अडचण वेगळी आहे.

दसरा झाला की आमच्या वस्तीवरच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूरकडे, कुणी सांगलीकडे, काही कर्नाटकात. माझ्या पतींची पिठाची गिरणी असल्यामुळे आम्ही मागे राहतो. यंदा 43 पैकी 26 मुलांचे आईवडील कोयत्यावर गेले. त्यांतली 19 मुले आजी-आजोबांजवळ राहिली असून हंगामी वसतिगृहाच्या सोयीतून त्यांना सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते, तर 7 मुले आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेली आहेत. गुढीपाडव्याच्या आसपास माणसे परत येऊ लागतात, तोवर शाळेचे निम्मे वर्ष उलटून गेलेले असते.

पालकांचा व्हॉट्सॲप गट आहे, पण त्यावर जाणारे सगळे निरोप गावात असलेल्या माणसासाठी लिहिलेले असतात. ‘उद्या सकाळी ध्वजारोहण आहे, सर्व पालकांनी उपस्थित राहावे’ हा निरोप तीनशे किलोमीटरवर उसाच्या सरीत उभ्या असलेल्या माणसाने वाचून काय करायचे? जानेवारीत आमच्याकडे बाल आनंद मेळावा झाला. दुसरीतल्या एका मुलीने आजीने करून दिलेले शेंगदाण्याचे लाडू विकले आणि 64 रुपये मिळवले. ते पैसे रुमालाच्या कोपऱ्यात बांधून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “काकू, हे माझ्या आईला कोण सांगणार?” मी तिला माझ्या फोनवरून आईला फोन लावून दिला, पण तो बंद होता. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दुसरी अडचण समितीच्या बैठकीची. बैठक दरमहा व्हायला हवी, मात्र समितीतील 9 पालक सदस्यांपैकी 5 जण हंगामावर आहेत. अशा शाळांचा अनुभव असलेल्या कुणी मार्ग सांगितला, तर फार उपकार होतील.

उत्तर 1 : दोन शिक्षकी शाळेतला गुरुजी

ताई, मी आपल्याच जिल्ह्यात सतरा वर्षे शिकवत आहे आणि त्यांतली अकरा वर्षे ऊसतोड कामगारांच्या वस्तीवरील शाळेत गेली आहेत. तुमचे म्हणणे खरे आहे की आपण पालकांना सूचना पाठवतो, बातमी पाठवत नाही. हे माझ्याही उशिराच लक्षात आले.

पहिले काम म्हणजे फोनची यादी करावी. कोणत्या पालकाकडे स्मार्टफोन आहे, कोणाकडे साधा बटणांचा फोन आहे आणि कोणाचा निरोप टोळीतल्या दुसऱ्या माणसाच्या किंवा टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या फोनवरूनच जाऊ शकतो, हे दसऱ्याआधी विचारून लिहून ठेवावे. माझ्या शाळेत अशी यादी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक घरांत व्हॉट्सॲप नव्हतेच, आणि आम्ही मात्र सगळे तिथेच टाकत होतो.

दुसरे, अक्षरांऐवजी आवाज पाठवावा. आमच्याकडे शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी प्रत्येक मूल फोनवर अर्धा मिनिट बोलते. सुरुवातीला मी मुलांना ‘नीट बोला’ असे सांगत असे, त्यामुळे ती पाठ केल्यासारखे ‘मी बरा आहे, अभ्यास करतो’ एवढेच म्हणून थांबायची. पुढे मी फक्त एवढेच विचारू लागलो की या आठवड्यात असे काय झाले, जे घरी असतास तर तू सांगितले असतेस? मग मुले बोलू लागली. शेळी व्याली, हातपंपाचे पाणी आले, मला वजाबाकी हातच्याची येते, आज उसळीत मीठ जास्त पडले होते. आईवडिलांना ऐकायचे असते ते हेच. साध्या फोनवाल्या पालकांसाठी रविवारी आम्ही थेट फोन लावतो. एका मुलाला तीन मिनिटे दिली तरी सहा-सात मुले तासाभराच्या आत होतात.

वेळ मात्र जपावी लागते. फडावर पहाटे चारला कोयता सुरू होतो, मोळ्या बांधून झाल्या की गाडी भरायची असते आणि ती रात्री-अपरात्रीही येऊ शकते. फोन कधी जवळच्या किराणा दुकानात, कधी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतो. तुम्ही दिवसा फोन लावला असेल, तर तो बंद असणे साहजिक होते. रात्री आठच्या सुमारास, भाकरी चुलीवर असताना, फोन लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

एक कळकळीची सूचना करतो. मुलाच्या आजारपणाची किंवा तक्रारीची बातमी गटावर कधीही टाकू नये. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेल्या माणसाला एका रात्रीत फड सोडून येता येत नाही आणि अर्धवट बातमीने त्या नवरा-बायकोची झोप उडते. आधी मुलाला दवाखान्यात न्यावे, औषध सुरू करावे आणि मग आईशी प्रत्यक्ष बोलून सांगावे. मी एकदा ताप आल्याचे घाईने कळवले होते. त्या मुलाचा बाप मुकादमाशी भांडून, मिळेल त्या वाहनाने दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मुलगा पटांगणात खेळत होता. ती चूक माझी होती आणि त्या खाड्यांचे पैसे मात्र त्याच्या हिशोबातून कापले गेले.

उत्तर 2 : कोयत्याच्या घरातला

मी शिक्षक नाही. पुण्यात एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो, पण चौथीपर्यंत अगदी तुमच्या शाळेसारख्याच शाळेत आजीजवळ राहून शिकलो आहे. त्या वेळी फोन नव्हते. सहामाहीचे प्रगतिपुस्तक आजी पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवायची आणि आई पाडव्याला आली की पहिल्या रात्री कंदिलाजवळ उघडून द्यायची. आईला वाचता येत नव्हते. ती शेऱ्याच्या ओळीवरून बोट फिरवायची आणि मला वाचून दाखवायला सांगायची. एका वर्षी बाईंनी ‘गोष्ट सांगताना वर्ग शांत बसून ऐकतो’ असा शेरा लिहिला होता. आईने तो माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. ‘प्रगती समाधानकारक’ हा शेराही मला मिळाला आहे, परंतु तो तिने दुसऱ्यांदा वाचायला लावल्याचे मला आठवत नाही. म्हणून गुरुजींच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो की जी बातमी पाठवाल, ती त्याच मुलाची असावी, दुसऱ्या कुणालाही लागू पडेल अशी नसावी.

मला खरे तर दुसरेच सांगायचे आहे. आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस व्हायचे. मी तीन वर्षे नाटकात काम केले आणि माझ्या आईवडिलांनी त्यांतले एकही पाहिले नाही. पुढच्या रांगेत सरपंच, केंद्रप्रमुख आणि गावात राहिलेली मंडळी बसायची, तर ज्यांची मुले रंगमंचावर असायची, त्यांतले बहुतेक जण त्या वेळी कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत असायचे. स्नेहसंमेलन हिवाळ्यातच घ्यावे असा कोणता नियम आहे? प्रजासत्ताक दिन हलवता येत नाही हे मान्य, पण स्नेहसंमेलन, बाल आनंद मेळावा आणि वर्षाची मोठी पालकसभा हे तिन्ही कार्यक्रम आपल्या हातातले आहेत. गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत सगळी वस्ती घरी असते, किंवा पाडव्यानंतर एप्रिलमधली एखादी संध्याकाळ धरता येते. ऊन असेल तर कार्यक्रम सूर्य मावळल्यावर ठेवावा. वस्तीचे वर्ष उसाच्या हंगामावर चालते, आणि शाळा वस्तीचीच असेल, तर तिच्या कार्यक्रमपत्रिकेने तो हंगाम ओळखलाच पाहिजे.

उत्तर 3 : कारखान्याजवळची मुख्याध्यापिका

मी दुसऱ्या टोकाहून लिहीत आहे. तुमच्याकडून निघालेल्या टोळ्या जिथे कोपी, म्हणजे राहायची तात्पुरती झोपडी, घालतात, अशा एका गावातील शाळेत मी काम करते. तुमच्या प्रश्नातल्या 19 मुलांबद्दल वरती छान चर्चा झाली आहे, परंतु आईवडिलांबरोबर गेलेल्या 7 मुलांबद्दल कुणी बोललेले नाही, आणि शाळेशी नाते तुटण्याचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच असतो.

अशा मुलांना निघतानाच शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे त्यांची इयत्ता आणि झालेला अभ्यास आम्हाला समजतो. ते नसले तरी शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार वयानुरूप वर्गात मुलाला बसवून घेणे आमच्यावर बंधनकारक आहे आणि कागद नाहीत म्हणून कोणतीही शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. व्यवहारात मात्र मूल आमच्यापर्यंत येतच नाही, कारण कोपीत धाकटे भावंड असते आणि त्याला सांभाळायला मोठी बहीण लागते. आम्ही भावंडालाही वर्गात बसू देतो. दोन वर्षांपूर्वी बीडकडची चौथीतली एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन यायची. तो दप्तरावर डोके ठेवून झोपायचा आणि ती फळ्यावरचे लिहून घ्यायची. बापाच्या मोळ्या मोजायची तिला सवय असल्यामुळे गटागटाने मोजून गुणाकार करण्यात ती माझ्या वर्गात सर्वांच्या पुढे होती, पण पाढा म्हणायला सांगितले की गप्प राहायची. हे मी तिच्या मूळ शाळेतल्या गुरुजींना फोन करून कळवले आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिच्या जुन्या वर्गाकडून तिला आवाजी निरोप पाठवला. तो ऐकल्यावर ती भावाला खाली ठेवून पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

म्हणून माझी विनंती अशी की टोळी कोणत्या कारखान्याकडे, कोणत्या गावाच्या हद्दीत जाणार आहे हे मुकादमाकडून आधीच समजून घ्यावे आणि तिथल्या केंद्रप्रमुखांना किंवा मुख्याध्यापकांना एक फोन करावा. कोपी बहुधा शिवारात, गावापासून लांब असते, त्यामुळे मुले आली आहेत हे आम्हाला कळायलाच कधी कधी महिना लागतो. तुमच्या एका फोनने तो महिना वाचेल.

उत्तर 4 : साधनव्यक्ती

समितीच्या बैठकीबद्दल थोडक्यात लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमात किमान तीन चतुर्थांश सदस्य ‘माता-पिता किंवा पालक’ असावेत, असे म्हटले आहे, आणि मूल ज्याच्या ताब्यात व देखरेखीखाली आहे तो कायद्याच्या दृष्टीने पालकच ठरतो. म्हणजे सहा महिने नातवंडे सांभाळणारी आजी समितीवर येऊ शकते. निम्म्या सदस्य महिला असणे आवश्यक असल्यामुळे ते सोयीचेही आहे. पुढच्या वेळी समिती निवडताना दोन-तीन आज्या जाणीवपूर्वक निवडाव्यात. सध्या हंगामावर असलेल्या सदस्यांना बैठकीपूर्वी फोन करून त्यांचे मत विचारावे आणि ते इतिवृत्तात स्वतंत्र नोंदवावे. त्याने उपस्थिती धरता येणार नाही, पण त्यांचे म्हणणे कागदावर राहील.

आज्यांना शाळेत बोलावण्यासाठी बऱ्याच शाळा संक्रांतीचे हळदीकुंकू ठेवतात. कृपया तसे करू नये. मुले सांभाळणाऱ्या आज्यांमध्ये विधवा स्त्रिया पुष्कळ असतात आणि हळदीकुंकू म्हटले की त्या उंबऱ्याबाहेरच थांबतात. त्याऐवजी सर्वांसाठी तिळगुळाचा कार्यक्रम ठेवावा आणि निमंत्रण मुलांनी स्वतः घरोघरी जाऊन द्यावे.

मुलांची छायाचित्रे गटावर टाकण्यापूर्वी घरच्यांना विचारून घ्यावे आणि वसतिगृहाची सोय घेणाऱ्या मुलांचे जेवतानाचे फोटो तर मुळीच टाकू नयेत. आईवडिलांना त्यात आपल्या लेकराचे ताट दिसते आणि बाकीच्या गावाला त्यांची गरिबी दिसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : बालाघाटची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही गुरुजींशी बोलले आणि फोनची यादी आम्ही रात्रीच करायला घेतली. त्या 26 मुलांच्या घरांपैकी 11 घरांत साधा फोन आहे आणि 3 घरांचा निरोप मुकादमाच्या फोनवरच जातो. सोबत गेलेल्या 7 मुलांपैकी 4 मुले एकाच गावाच्या शिवारात असल्याचे समजले आहे. तिथल्या शाळेचा क्रमांक मिळवण्याचे काम मोठ्या गुरुजींनी स्वतःकडे घेतले आहे. त्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिलेच गेले नव्हते, ही आमची चूक मी इतिवृत्तात लिहून घेतली आहे.

स्नेहसंमेलन अजून व्हायचे होते. ते एप्रिलमध्ये, पाडव्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी घ्यावे असा ठराव येत्या बैठकीत मांडणार आहे. एका सदस्यांचे म्हणणे असे की तोवर पाहुण्यांना वेळ नसेल. पाहुणे आले नाहीत तरी चालेल, असे मी त्यांना सांगितले आहे.

लाडू विकणाऱ्या मुलीच्या आईचा फोन रविवारी रात्री सव्वाआठला लागला. मुलीने 64 रुपयांचे सांगितले, मग लाडू कसे मोजले ते सांगितले, मग कुणी उधार मागितले आणि आपण का दिले नाही तेही सांगितले. आईने विचारले, पैसे कुठे आहेत? ती म्हणाली, रुमालातच आहेत, तू आल्यावर गाठ सोडू.