मासेमारीच्या बंदीत बरा असतो, बोटी सुटल्या की छाती धरते. दोष कामाचा की माझा?

लादीवाला
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो. वय ४३. तीन वर्षं झाली, छाती आवळते, बोटांना मुंग्या येतात, जेवल्यावर पोटाचा नगारा होतो. ईसीजी, इको झालं, पट्ट्यावर पळवून झालं, पोटात दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल. शेवटचे डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. ते कसं घ्यायचं नसतं, हे चिठ्ठीवर नव्हतं.

गंमत म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मी ठणठणीत. यंदा दिवसभर वाकून भातलावणी केली, काही नाही. बोटी सुटायच्या आठवड्यात पुन्हा सुरू. पहाटे तीनला फोन, "चाळीस लाद्या काढून ठेव." लादी गोठायला तासन् तास लागतात, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, ती आत्ता हवी. उधार दिली तर शेठ ओरडतो, नाही दिली तर बोटवाला. ठरवणारा मी नाही, शिव्या खाणारा मी.

पण शेजारच्या टेबलावरचा माणूस याच गोंधळात वडापाव खाऊन डुलकी काढतो. मी गल्ला तीनदा मोजतो, गाडीचं लॉक बघायला अर्ध्या वाटेतून परत जातो. बायको म्हणते, स्वभावच तसा. आईने देवळात गाऱ्हाणं घातलंय. मग नेमका दोष कुणाचा?

खाडीपलीकडची
मी नर्स आहे. चढ चढताना छाती भरून आली, घाम फुटला, तर इथे लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा. लावणीत काही झालं नाही ही चांगली खूण. घाबरलं की श्वास उथळ आणि भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्यानेच मुंग्या येतात, छाती आवळते. ताणात पोटाची चाल बिघडते, आतल्या नसा हळव्या होतात, मग रोजचा गॅसही टोचतो. दुखणं खरंच असतं, दुर्बिणीत दिसत नाही एवढंच. चिंताळू माणसाचा कान सतत शरीराकडे लागलेला, म्हणून त्याला जास्त ऐकू येतं. बी-१२ आणि थायरॉइड बघितलंत का? बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासावर फोनवरून मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट.

मालवणी कंडक्टर
माका पण असाच व्हायचा. तिकिटाच्या हिशेबात दोन रुपये कमी इले की पोटात गोळो. आता रिटायर झालंय, गोळो गेलो. सुनेवांगडा वाजला की येता परत.

माजी युनियनवाला
सगळं स्वभावावर ढकलू नका, मालकांना तेच हवं असतं. १९५९ मध्ये फ्रीडमन आणि रोझेनमन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी सदा घाईतल्या, ईर्ष्येच्या स्वभावाला 'टाइप ए' म्हणून हृदयविकाराशी जोडलं. पुढच्या अभ्यासांत ते तितकं टिकलं नाही. उलट १९७९ मध्ये करासेक या संशोधकाने अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची माहिती तपासून मांडलं, की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार छोटा, तिथे मनाचा ताण जास्त. तुमची उधारी हीच. त्या डुलकीवाल्याच्या टेबलावर उधारी आहे का?

लादीवाला
नाही. तो फक्त लाद्यांची आवक-जावक लिहितो. तीन वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नाही! बरोबर तीन वर्षांपूर्वी उधारीची वही माझ्याकडे आली.

बी-१२ खरंच कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. कोणत्या बोटीला किती उधार ते कागदावर लिहून सही करून द्या, असं शेठला सांगितलं. "गणपतीनंतर बघू," म्हणाले. तोवर रात्री फोन पडवीत ठेवतोय. काल दोनदा उठून बघून आलो.