गेटवर रिकाम्या पाकिटांची कमान

ए-३०२ : आपल्या सोसायटीच्या गणपतीच्या सजावटीसाठी एक सुचवतो. थर्माकोलवर तर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे. या वर्षी गेटवरची कमान आपल्याच घरातल्या रिकाम्या पाकिटांची करू या. वेफर्स, बिस्किटं, कुरिअरच्या पिशव्या, जे निघेल ते.

बी-१०४ काकू : अरे, बाप्पाच्या दारात कचरा? लोक हसतील!

ए-३०२ : काकू, मंडपापासून लांब, बाहेर रस्त्याच्या बाजूला. आणि हसू देत की! २०१४ मध्ये दक्षिण कोरियात कॉलेजच्या पोरांनी वेफर्सची न फोडलेली दीडशेच्या वर पाकिटं चिकटपट्टीने जोडून तराफा केला आणि त्यावर बसून सोलमधली हान नदी ओलांडली. पाकिटात खाऊ थोडा आणि हवाच फार, एवढंच दाखवायचं होतं. ‘नायट्रोजन विकत घ्या, वेफर्स फुकट’ असा विनोदच होता तिकडे. नुसतं भाषण ठोकलं असतं तर नदीकाठी कुत्रंही थांबलं नसतं.

सी-२०१ : नायट्रोजन लागतो रे. साध्या हवेत तेल खवट होतं, आणि फुगवलं नाही तर वेफर्सचा चुरा. मी पॅकिंगच्याच लाइनमधला.

ए-३०२ : मान्य दादा, पण किती भरायचा?

सी-२०१ : तिथे तुझं बरोबर. त्याहून वाईट रिकामं पाकीट. प्लास्टिकचे थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा, वेगळे करणं परवडत नाही. म्हणून भंगारवाला पुठ्ठा नेतो, बाटल्या नेतो, याला हात लावत नाही.

बी-४०४ : काल कचरावाल्या ताईंनी आमच्याच मजल्यावरचा खोका उलगडून दाखवला. बुटांचा जोड मावेल एवढा. आत बबलरॅप, त्यात पिशवी, पिशवीत डबी, डबीत एक लिपस्टिक. तो खोका तसाच उघडा टांगा कमानीला.

ए-३०२ : नक्की! आणि पाकिटांवरची कंपनीची नावं बाहेरच्या बाजूला हवीत. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे हा कचरा परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवरही आहे. आपण धुवायचं, वेगळं ठेवायचं, आणि त्यांनी नुसतं विकायचं, हे मला पटत नाही.

बी-१०४ काकू : मग पाटी मी लिहिते. ‘येथे उत्तम प्रतीची हवा छापील किमतीत मिळेल. खाऊ असल्यास नशीब.’

सेक्रेटरी : काकू 🙏 पाटी मंजूर. पाकिटं धुऊन, वाळवून द्या, मुंग्या नकोत. लायटिंगच्या वायरींपासून लांब बांधा. कमानीसाठी म्हणून नवी पाकिटं कोणीही आणू नका, मुलांना नीट सांगा. पोतं वॉचमनच्या केबिनशेजारी ठेवलंय.