इग्वाना चोरीला गेलाय, काय करू?

पुण्यात राहतो. माझा हिरवा इग्वाना, सहा वर्षांचा, शेपटीसकट साडेचार फूट, रोज दुपारी गच्चीवरच्या पिंजऱ्यात उन्हाला असतो, परवा घरी आलो तर कुलूप तोडलेलं आणि पिंजरा रिकामा. चौकीत म्हणाले सरडाच ना, पळाला असेल. दोन रात्री झोप नाहीये.

उत्तर १: वाईट वाटलं रे. तुटलेल्या कुलपाचे फोटो काढ, हात लावू नको. एफआयआर लिहूनच घे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, चोरी. इग्वाना साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहे, त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ती केली असशील तर सर्टिफिकेट सोबत ने, मालकीचा तोच सगळ्यात भक्कम पुरावा. आणि घोरपड नाही हे स्पष्ट लिही, लोक हमखास गल्लत करतात, घोरपड पाळणं गुन्हा आहे.

उत्तर २: फोटो सगळीकडे टाक, पण एखादी खूण, तुटलेलं नख वगैरे, स्वतःकडेच ठेव, कोणी सापडला म्हणून फोन केला की ती विचार. विकायला दिसला तर एकटा जाऊ नकोस, पोलिसांना घेऊन जा. आसपासच्या एक्झॉटिक, म्हणजे इग्वानासारखे परदेशी प्राणी बघणाऱ्या व्हेट्सना आजच कळव. ऊन आणि त्यातले यूव्हीबी किरण नाही मिळाले तर हाडं मऊ पडतात त्यांची, चोराला हे कुठून माहीत असणार.

प्रश्नकर्ता: नोंदणी केलेली आहे, सर्टिफिकेट सापडलं. आत्ताच निघतोय चौकीत. शेवग्याचा पाला तसाच पडलाय वाटीत, टाकवत नाहीये.