सरकारी प्रचार: लाल त्रिकोण अंगाशी आला, पोलिओ जमला, असं का?

रिकामा_सदू:
काल जेवताना भावाशी वाजलं. त्याचं म्हणणं प्रोपगंडा म्हणजे वाईटच, हिटलर-गोबेल्स वगैरे. मी म्हटलं अरे मग 'दो बूंद जिंदगी की' काय होतं, अमिताभला टीव्हीवर आणून लोकांचं मत फिरवणंच ना ते? आणि त्याआधी त्याच सरकारचं 'हम दो हमारे दो', ते मात्र आणीबाणीत पार बोंबललं म्हणतात. मशिनरी एकच, मग फरक कुठे पडला? व्हॉट्सअॅप ज्ञान नको प्लीज.

निवृत्त_हेल्थवाला:
बोंबललं असं सरसकट म्हणू नका. उलटा लाल त्रिकोण आणि आईबाप-मुलगा-मुलगी असे चार हसरे चेहरे, ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळायचं, छोटं कुटुंब लोकांच्या डोक्यात बसत होतं. घोळ झाला १९७६ ला नसबंदीचं टार्गेट डोक्यावर बसल्यावर. मास्तर, तलाठी, सगळ्यांनी केसेस आणायच्या नाहीतर पगार अडकणार. १९७६-७७ या एका वर्षात देशात साधारण ८२ लाख नसबंद्या! हरियाणात उटावर गाव पोलिसांनी घेरून पुरुष उचलून नेले. आपल्या विधानसभेनेही तीन मुलांनंतर सक्तीचं बिल पास केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. आणि पेपरांवर सेन्सॉर, म्हणजे खरं छापून येणार नाही हे लोकांना माहीत, मग कानोकानी येईल तेच खरं. ७७ ला मतपेटीतून उत्तर मिळालं, नंतर खात्याचं नावच कुटुंब नियोजनाचं कुटुंब कल्याण केलं.

लिंबू_सरबत:
सदूभाऊ, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच मुळी. पश्चिम यूपीत पोलिओच्या थेंबांनी मुलं पुढे नपुंसक होतात ही अफवा पसरली ती उगाच नाही, नसबंदीच्या आठवणी ताज्या होत्या तिथे. २००२ ला देशात १६०० केसेस, बहुतेक यूपीतल्या. तिथे नुसत्या जाहिरातीने भागेना. मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर फिरल्या, इमामांनी मशिदीतून सांगितलं, घराच्या भिंतीवर खडूने पी (सगळ्या पोरांना डोस झाला) नाहीतर एक्स (कुणीतरी राहिलं), पोराच्या करंगळीला शाई. लोक म्हणायचे एरवी ताप आला तर कुत्रं विचारत नाही, पोलिओला बरे दारात येता, म्हणून मग बाकीच्या औषधांचे कॅम्प पण लावले. शेवटची केस हावडा, जानेवारी २०११.

रिकामा_सदू:
भाऊ म्हणतो मग तो प्रचार नव्हेच, ते जनशिक्षण. 😅

निवृत्त_हेल्थवाला:
त्यांना सांगा प्रचारच होता. तोंडाने द्यायच्या लसीने कित्येक लाखांत एखाद्याला, फारच क्वचित, उलट लकवाच होऊ शकतो हे त्या जाहिरातीत कुठे होतं? सोयीचं तेवढं सांगितलं. मी तेव्हा नोकरीत होतो, माझी त्याला हरकत नव्हती आणि आजही नाही, पण नाव बदलून काय होतंय.

लिंबू_सरबत:
माझी आहे हरकत, अफवा तिथूनच तर सुरू होतात. आणि नसबंदीची किंमत कोण मोजतंय तेही लिहा की काका. सत्तरच्या दशकात पुरुषांचे कॅम्प लागायचे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत लग्न झालेल्या जोडप्यांत बायकांची ऑपरेशनं ३८ टक्के आणि पुरुषांची ०.३. पुरुषाची सोपी, बिनटाक्याची होते तरीसुद्धा. ७७ नंतर पुरुषांना हात लावायची एकाही सरकारची टाप नाही झाली.