कोंगो गुमी 2006 मध्ये खरंच संपली का? ‘सर्वात जुनी कंपनी’ कशाला म्हणायचं?

रंधा
जगातल्या सर्वात जुन्या कंपन्यांच्या यादीत हल्ली पहिलं नाव असतं केइउनकानचं. जपानमधल्या यामानाशीतली ही गरम झऱ्यांवरची सराई, सन 705 पासूनची. पूर्वी त्या जागी ओसाकाची, देवळं बांधणारी कोंगो गुमी असायची, 578 ची. जानेवारी 2006 मध्ये तिचं काम ताकामात्सु या बांधकाम समूहाकडे गेलं आणि अनेकांनी तिचं नाव खोडलं. मला हे अजिबात पटत नाही.

ओसाकातलं शितेन्नोजीचं देऊळ बांधायला कोरियातल्या बेक्जे राज्यातून सुतार आणले होते. त्यातल्या एकाचं, म्हणजे कोंगोचं, घराणं ओसाकातच राहिलं आणि पुढच्या 40 पिढ्या त्या देवळाचं काम करत राहिलं. 37 वा प्रमुख गेला तेव्हा त्याची बायको योशिए हिनं कारभार हाती घेतला. 1934 च्या वादळात देवळाचा पाच मजली मनोरा कोसळला, तो तिच्या काळात पुन्हा उभा राहिला. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तोही जळाला. युद्धात देवळांची कामं बंद पडल्यावर याच सुतारांनी शवपेट्या करून दिवस काढले. मालक बदलल्यावरही सुतार तेच, देऊळ तेच, नावही तेच. मग संपलं काय?

माझे वडील सुतार होते, त्यामुळे मी या बाजूनं बोलणार हे उघड आहे.

ताळेबंद
रंधा, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण तुम्ही सांगताय तो हुन्नराचा इतिहास आहे, कंपनीचा नाही. कंपनी ही कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती असते. तिच्या नावावर मालमत्ता असते, तिच्यावर दावा लावता येतो, सभासद मेले तरी ती मरत नाही. कोंगो गुमी अशी कंपनी झाली 1955 मध्ये. त्याआधी तो घरचा धंदा होता.

खरी जुनी कंपनी बघायची तर फ्रान्समधल्या तुलूझला जा. तिथल्या बझाक्लच्या पाणचक्क्यांचे हिस्से मध्ययुगातच लोक विकत घेत आणि विकत होते. 1372 मध्ये सगळ्यांची मिळून एक कंपनी झाली. हिस्सेदाराला दळणातलं काही कळायची गरज नव्हती, कोणत्या घराण्यात जन्म घ्यायचीही नव्हती. ती 1946 पर्यंत चालली, मग सरकारनं वीज कंपन्यांबरोबर तीही ताब्यात घेतली. स्वीडनमधल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीचाही 1288 चा दस्तऐवज आहे: एका बिशपनं खाणीचा आठवा हिस्सा परत मिळवल्याचा. हिस्सा मोजता येतो, हस्तांतरित करता येतो. कंपनी म्हणतात ती याला.

घाटावरचा
ताळेबंद, तुमच्या फालूनची खाण 1992 मध्ये बंद झाली. त्या खाणीची कंपनी स्टोरा, आणि 1998 च्या विलीनीकरणानंतरची स्टोरा एन्सो कागद आणि पुठ्ठा करते. तांबं गेलं, नावाला शेपूट जोडलं, तरी ती 1288 ची. आणि अजून देवळंच बांधणारी कोंगो गुमी मात्र 2006 ची?

आणि नुसत्या कागदावर जगणं काय असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. ईस्ट इंडिया कंपनी 1600 ची. 1833 च्या कायद्यानं तिचा व्यापार बंद केला, 1858 मध्ये राज्यही गेलं, तरी कागदोपत्री ती 1874 पर्यंत जिवंत होती. शेवटची वर्षं ती कोणता धंदा करत होती ते सांगा.

सातारकर
माझ्या मते घराणं सुटलं की संपलं. केइउनकानही 52 पिढ्यांनंतर 2017 मध्ये घराबाहेरच्या कर्मचाऱ्याकडे गेली. तीही मग यादीतून काढायला हवी.

रंधा
सातारकर, जपानात घराणं म्हणजे नुसतं रक्त नाही. मुलगा नसला किंवा असून कामाचा नसला तर चांगला कारागीर किंवा जावई दत्तक घेऊन त्याला घराचं नाव देतात. म्हणून तर इतक्या पिढ्या भरल्या. दत्तक मानायचा नाही हा हट्ट कुणाचा होता? 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य दत्तक नामंजूर म्हणून खालसा केलं ते एका कंपनीनंच. तुमच्या नावाच्या माणसानं तरी त्या बाजूला उभं राहू नये.

मठार
मी एक घरचं सांगते. माझे आजोबा तांबट, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या एका जुन्या पेढीवर 31 वर्षं कारागीर होते. मालक भावांची वाटणी झाली. पाटी आणि तिच्यावरचं ‘स्थापना’ साल थोरल्यानं घेतलं, आजोबा धाकट्याबरोबर समोरच्या गाळ्यात गेले. वर्षभरात धाकट्यानंही तेच साल रंगवलं. जुनी गिऱ्हाइकं मात्र पाटी बघत नव्हती. घंगाळ किंवा हंडा हातात घेऊन उजेडाकडे तिरका धरायची आणि मठार बघायची. आजोबांचे ठोके एकसारखे, ओळीत, एकमेकांना जेमतेम शिवणारे. ते ज्या गाळ्यात दिसले तो गाळा जुना.

वाटणीच्या आधीचा आजोबांचा थकलेला पगार मात्र कुणीच दिला नाही. थोरला म्हणाला, माणूस तिकडे गेला, तिकडे माग. धाकटा म्हणाला, माझी पेढी नवी आहे. पाटीवर जुनी आणि देण्याच्या वेळी नवी.

ताळेबंद
मठार, मला जे सांगायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. 2006 मध्ये ओसाकात हेच झालं. ताकामात्सुनं नवी कंपनी काढली, तिला कोंगो गुमी हे नाव दिलं आणि सुतार तिच्यात घेतले. जुनीचं नाव बदललं आणि काही महिन्यांत तिची दिवाळखोरी जाहीर झाली. तेजीच्या काळात जमिनीत पैसे घालून झालेलं कर्ज त्या जुन्या, नाव काढून घेतलेल्या कंपनीच्या माथी राहिलं. मी कायद्याची व्याख्या लावून धरतो ती याचसाठी. उद्या पैसे मागायला कुणाच्या दारात जायचं, हे ती सांगते.

रंधा
दिवाळखोरीचं वाचलं होतं, पण मी ते सुतारांच्या बाजूनंच वाचलं, ज्यांचे पैसे अडकले त्यांच्या बाजूनं नाही. मठारच्या आजोबांचा पगार वाचल्यावर ते तसं ठेवता येणार नाही.

तरीही 578 खोडायला मी तयार नाही. जपानमधलं इसेचं देऊळ दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात बांधतात, 2013 मध्ये 62 व्यांदा बांधलं. शितेन्नोजीचा आजचा मनोरा तर काँक्रीटचा आहे. त्यांना कुणी नवं देऊळ म्हणत नाही.

माझ्या यादीत आता दोन रकाने करतो: काम कधीपासून, आणि देणी कधीपासून. कोंगो गुमीपुढे 578 आणि 2006 असं दोन्ही लिहीन. बझाक्लपुढे काय लिहायचं ते ताळेबंद, तुम्हीच सांगा.

ताळेबंद
दोन्हीकडे 1372 लिहा. आणि तिसरा रकाना हवा, शेवटाचा: 1946.