मानसा मूसाला 'सर्वांत श्रीमंत माणूस' म्हणणं आता पुरे

कट्ट्यावरचा

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी ग्रुपवर तोच फॉरवर्ड येऊन पडतो : 'इतिहासातला सर्वांत श्रीमंत माणूस, मालीचा मानसा मूसा, आजच्या हिशेबाने चारशे अब्ज डॉलर!' 14व्या शतकातल्या राजाचा ना ताळेबंद उपलब्ध, ना खाणींच्या उत्पन्नाचे दप्तर. तरी आकडा ठोकून द्यायचा आणि लोकांनी अंगठे द्यायचे.

माझं म्हणणं सरळ आहे. मूसा ('मानसा' म्हणजे राजा; कारकीर्द साधारण 1312 ते 1337) पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्याचा सर्वांत गाजलेला राजा असेल, सर्वांत मोठा नव्हे. आणि तो गाजला कशासाठी, तर उधळपट्टीसाठी. 1324 मध्ये हजला निघालेला हा गडी कैरोत पोचला आणि उंटांवर लादून आणलेलं सोनं दिसेल त्याला वाटत सुटला. व्यापाऱ्यांनी हे गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. एक दिनारही किंमत नसलेला अंगरखा मूसाच्या लोकांच्या गळ्यात पाच दिनारांना मारला. परतीच्या वेळी राजेसाहेबांचा खिसा रिकामा, मग त्याच व्यापाऱ्यांकडून कर्ज. 300 दिनारांमागे 700 नफा, असलं कर्ज! बारा वर्षांनी इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या दरबारातल्या अल-उमरी या लेखकाने लोकांना विचारून हे सगळं लिहून ठेवलं. तो म्हणतो, सोन्याच्या मिस्कालचा (साधारण सव्वाचार ग्रॅम) भाव आधी 25 दिरहमच्या (दिरहम म्हणजे चांदीचं नाणं) खाली उतरत नसे, तो 22 वर आला आणि तिथेच राहिला.

बरं, सोनं तरी त्याचं होतं का? ते यायचं बांबुक आणि बुरेच्या खाणींतून. खाणकाम करणारे लोक मुसलमान नव्हते. त्यांच्यावर धर्म लादला की सोनं निघायचं कमी होतं, म्हणून आम्ही त्यांच्या वाटेला जात नाही, असं मूसानेच कैरोत सांगितलं होतं. म्हणजे खाणीवरही पुरती हुकमत नाही. राज्य चालायचं ते वाटेवरच्या व्यापारावर : सहारातून मीठ दक्षिणेला, सोनं उत्तरेला.

हे राज्य उभं केलं सुंजाता कीताने, 1235 च्या सुमारास किरिनाच्या लढाईत शेजारच्या सोसो राज्याच्या सुमांगुरू कांतेला हरवून. तिथले जेली, म्हणजे वंशावळी आणि पराक्रम गाणारे पिढीजात गायक, आजही रात्र रात्र सुंजाता गातात. मूसा त्यांच्या गाण्यात जेमतेम येतो. घरच्यांनी ज्याला फारसं लक्षात ठेवलं नाही, त्याला आपण डोक्यावर घेऊन नाचतोय.

जमाखर्च

असहमत. साफ असहमत.

मालक, तुम्ही राजाचा खर्च किराणा दुकानाच्या वहीत मांडताय. मूसाच्या आधीही मालीचे राजे हजला जाऊन आले होते. कैरोत कोणाला आठवण राहिली? हा गेला आणि तिथल्या इतिहासकारांना दुसरा विषय उरला नाही. सुलतान अल-नासिर मुहम्मदच्या दरबारात त्याला जमिनीला डोकं टेकवायला सांगितलं. आधी ठाम नकार. मग कोणीतरी कानात काहीतरी सांगितल्यावर 'मला घडवणाऱ्या अल्लापुढे टेकवतो' असं म्हणून त्याने डोकं टेकवलं. सुलतानाने त्याला शेजारी बसवून घेतलं. हे खुळ्या उधळ्या माणसाचं काम नाही. आपण कोणाचे मांडलिक नाही हे त्याने भर दरबारात सांगितलं आणि यजमानालाही दुखावलं नाही.

परतताना त्याने सोबत ग्रनाडाचा (स्पेन) कवी अल-साहिलीला आणलं, त्याच्याकडून इमारती बांधून घेतल्या. 1375 च्या कॅटलान नकाशात सहाराच्या खाली मुकुट घातलेला आणि हातात सोन्याचा गोळा धरलेला राजा बसलाय, तो मूसाच. मरून अडतीस वर्षं झाल्यावर युरोपच्या नकाशात जागा मिळणं यालाच ब्रँडिंग म्हणतात.

आणि ते भाव पाडल्याचं प्रकरण. 25 चे 22. शेकड्याला बारा. कैरोत सोनं त्या शतकात इतरही वेळा असंच वरखाली झालेलं आहे, असं नाण्यांच्या अभ्यासकांनी दाखवलंय. 'एका माणसाने अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था बुडवली' हासुद्धा त्या चारशे अब्जांसारखाच फॉरवर्ड आहे. एक नाकारायचा आणि दुसरा वापरायचा, असं कसं चालेल?

कट्ट्यावरचा

नकाशात आला, मान्य. त्याचा मालीला काय उपयोग झाला ते सांगा. पुढच्या शतकात पोर्तुगीज जहाजं त्याच सोन्याच्या वासावर किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकत आली. ब्रँडिंग झालं खरं, गिऱ्हाईक कोण आलं ते बघा.

मीठभाकर

दोघांचंही वाचतेय. सोनं, नकाशा, सुलतान झालं. उंटांमागून चालत कोण होतं, हे कोणीच बोललेलं नाही.

तगाझा घ्या. सहारातलं मिठागर. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1352 मध्ये मालीला जाताना तिथे थांबला होता. घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्यांचं छप्पर. झाड नाही, नुसती वाळू. तिथे राहायचे फक्त मसूफा टोळीचे गुलाम, जमीन खणून मिठाच्या जाड लाद्या काढायला. त्यांच्यासाठी खजूर यायचा मोरोक्कोतल्या द्रा आणि सिजिल्मासाहून, ज्वारी-बाजरीच्या जातीचं धान्य दक्षिणेतून, बाकी उंटाचं मांस. म्हणजे काफिला वेळेवर आला नाही तर उपासमार. त्यांनी खणलेलं एका उंटाचं ओझं सहाराच्या दक्षिण काठावरच्या वलात्याला 8 ते 10 मिस्कालांना विकलं जायचं आणि माली या राजधानीच्या शहरात 20 ते 30 ला, कधी 40 ला. तुमचं ते 'वाटेवरचा व्यापार' म्हणजे हे.

परतीच्या प्रवासात सहारातल्या तकद्दा गावाहून इब्न बतूता ज्या काफिल्याबरोबर निघाला, त्यात 600 दासी होत्या. तो हे एका ओळीत लिहून पुढे जातो. मूसा मोठा की सुंजाता मोठा, या वादात आपणही तेच करतोय.

सनदशीर

ताईंचा मुद्दा महत्त्वाचा, पण मग कुरुकान फुगा विसरू नका! किरिनाच्या विजयानंतर सुंजाताने सगळ्या कुळांना जमवून सनद जाहीर केली. कोणी कोणाशी कसं वागायचं, स्त्रियांचा मान, गुलामांना वाईट वागवायचं नाही, परक्याला त्रास द्यायचा नाही, सगळं त्यात आहे. 2009 मध्ये युनेस्कोने ती जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. 13व्या शतकात मानवी हक्कांचा जाहीरनामा! मालीची खरी श्रीमंती ही आहे.

शंकेखोर

जरा दमानं. आज ज्या 44 कलमांचा दाखला दिला जातो, ती 1998 मध्ये गिनीतल्या कांकान इथे जेलींकडून ऐकून, जुळवून लिहिलेली आहेत. मौखिक परंपरा खोटी असते असं मी म्हणत नाही, पण साडेसातशे वर्षं तोंडातोंडी आलेल्या गोष्टीला कलम-क्रमांक लावले की ती संविधान होत नाही.

शिवाय मजकूर नीट वाचा. गुलामांना वाईट वागवू नका, म्हणजे गुलाम असणारच हे गृहीत. मालीतल्या मांडे समाजाची घडीच तशी होती : होरोन म्हणजे स्वतंत्र कुळं, न्यामाकाला म्हणजे लोहार, चर्मकार, जेली असे जन्माने ठरलेले कारागीर आणि जोन म्हणजे गुलाम. न्यामाकालांना हलकं मानायचे आणि त्यांच्या विद्येला टरकूनही असायचे. हे सगळं आपल्याला फार अनोळखी वाटू नये.

जमाखर्च

मग साकुराचं काय? राजघराण्याचा मुक्त झालेला गुलाम. 13व्या शतकाच्या शेवटी त्याने गादी बळकावली, राज्य वाढवलं, हज केली आणि परतीच्या वाटेवर मारला गेला. गुलाम थेट मानसा झाला. घडी इतकी घट्ट होती, तर हे कसं जमलं?

मीठभाकर

मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, म्हणून हबशी गुलामांचा बाजार चांगला ठरतो का? एक वर चढला की आपण त्याच्याकडेच बघत राहतो. तगाझातला कोणी राजा झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

भटक्या

थोडं अवांतर. मूसानंतर काही वर्षांनी गादीवर आला त्याचा भाऊ सुलेमान. इब्न बतूता पोचला तेव्हा हाच राज्य करत होता. स्वारी महंमद तुघलकाच्या दरबारात वर्षानुवर्षं राहून, दौलताबाद वगैरे बघून आलेली, म्हणजे हात मोकळा सोडणारा सुलतान कसा असतो हे अनुभवलेलं. निरोप आला, 'सुलतानाची भेट आलीय, ऊठ.' याला वाटलं खिलत आणि पैसे असणार. निघालं काय? तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्यात भरलेलं दही. पठ्ठ्या हसतच सुटला. पुढे भर दरबारात उभा राहून सुलतानाला म्हणाला, मी इतके देश फिरलो, इतर राजांपुढे तुमच्याबद्दल काय सांगू? मग घर मिळालं, खर्चाला पैसेही मिळाले.

पण हाच चिडलेला माणूस लिहितो की या मुलखात अन्याय फार कमी, वाटा निर्धोक, आणि परका माणूस इथे मेला तर त्याचा माल कोणी हडप करत नाही, हक्कदार येईपर्यंत भरवशाच्या माणसाकडे ठेवतात. सुलेमानला तो कंजूस म्हणतो, पण हे राज्य त्याच कंजुषाचं. माझं मत त्याला. उधळ्या भावानंतर तिजोरी सांभाळणाऱ्यावर धागा कोणी काढत नाही.

जाता जाता, मालीत कवड्याही चलनात होत्या, 1150 कवड्यांना एक सोन्याचा दिनार. त्याच जातीच्या कवड्या इब्न बतूताने आधी मालदीवमध्ये पाहिल्या होत्या. त्या इतक्या लांब पोचल्या कशा, यावर वेगळा धागा हवा.

कट्ट्यावरचा

सुलेमानला माझंही मत. भटक्या, हे तर माझ्याच बाजूने झालं.

जमाखर्च

अजिबात नाही. याच इब्न बतूताने टिंबक्टूत सिराजउद्दीन इब्न अल-कुवैक या अलेक्झांड्रियाच्या सावकाराची कबर पाहिली. कैरोत मूसाला कर्ज दिलेला हाच तो. वसुलीला निघाला आणि टिंबक्टूत मेला. विषप्रयोगाची कुजबुज झाली, पण आपण दोघे एकाच ताटात जेवलो होतो असं मुलाने सांगून टाकलं. पुढे तो मुलगा माली शहरात गेला, पैसे वसूल केले आणि इजिप्तला परतला. सहारापल्याडच्या दरबारात हिशेब चुकता होतो आणि सावकाराचा पोरगा पैसे घेऊन जिवंत घरी पोचतो. ज्याला तुम्ही उधळ्या म्हणताय, त्याची पत एवढी होती.

मीठभाकर

पैसे पोचले, छान. ते मोजले गेले सोन्यात आणि सोनं आलं मिठाच्या बदल्यात. तगाझाचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही.