मदत हवी आहे : काकांच्या जुन्या फ्लॉप्या कशा वाचवू?

मंडळी, माळा आवरताना काकांच्या अकरा सव्वापाच इंची फ्लॉप्या सापडल्या. एकीवर पेन्सिलीने ‘सापशिडी, नवी चाल’ असं लिहिलंय. काकांनी ९२-९३च्या सुमारास बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत हा गेम लिहिला होता. मला नुसता चालणारा गेम नकोय. अर्धवट आवृत्त्या, खोडलेल्या कल्पना, तो कसा घडत गेला ते सगळं जपून ऑनलाइन ठेवायचंय.

हे खूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं. १९८९च्या त्या ॲपल टू गेमचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) हरवला असंच त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर धरून चालला होता. २०१२मध्ये त्याच्या वडिलांना एका खोक्यात फ्लॉप्या मिळाल्या, जाणकारांनी त्या वाचून दिल्या आणि कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर आला. राजपुत्राच्या उड्यांसाठी त्याने भावाला उड्या मारायला लावून केलेलं चित्रीकरणही आज बघता येतं!

आता अडचण. दोन फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी आलीय. तशाच ड्राइव्हमध्ये घातल्या तर ड्राइव्हचं वाचणारं हेड खराब होईल, हे कळतं. पण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताना फ्लॉपीचं बाहेरचं पाकीट कापावंच लागतं का? आणि पुण्यात कोणी ग्रीझवीझलने (फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) फ्लक्स इमेज, म्हणजे फ्लॉपीवरच्या चुंबकीय खुणांची जशीच्या तशी नक्कल, काढलीय का? चालू ड्राइव्ह तासभर मिळाला तरी धावत येईन. चहा-भजी माझ्याकडून.